धुळीच्या पट्ट्यामागची ओढ

लोविना बाउमनने जे उत्तर इतक्यात बघायचं नाही असं कबूल केलं होतं, ते मी तिच्या निरोपाच्या केकवर छापून आणलं.

हेतू चांगला होता. माझे हेतू नेहमीच चांगले असतात, घरी याबद्दल थोडा वाद आहे, पण ते असो. कॅनडातल्या वॉटर्लू शहरात एका विद्यापीठात भौतिकशास्त्र विभागाचे संगणक सांभाळण्यात माझी हयात गेली. एवढ्या वर्षांत मला एक कळून चुकलंय, की इथल्या माणसांना निरोपाला पेन दिलं तर ते हरवतात आणि घड्याळ दिलं तर ते उघडून बघतात. म्हणून केक. आणि केकवर नुसतं 'शुभेच्छा' लिहून आणणं मला फार सपक वाटलं.

लोविनाच्या खोलीच्या दारावर एक आलेख चिकटवलेला असायचा. जुना, उन्हाने पिवळा पडलेला, त्यावर थोडेसे ठिपके आणि ठिपक्यांमधून गेलेली एक तिरकी रेघ. तिचा सगळा जन्म त्या आलेखात गेला होता हे मला माहीत होतं, म्हणजे आलेख कशाचा ते नाही, जन्म गेला एवढंच. मी म्हटलं, तोच आलेख ताजा करून देऊ. तिचा प्रोग्राम माझ्याच संगणकावर होता आणि त्याला लागणारे आकडेही तिथेच होते. आकड्यांना कुलूप होतं, पण त्याची किल्ली सांभाळायची जबाबदारी माझ्यावरच टाकलेली होती. मी किल्ली लावली, आलेख काढला आणि बेकरीवालीच्या हातात ठेवला.

तिने तो उलटासुलटा करून बघितला. "कुणाला गोवर झालाय का?"

"संशोधन आहे," मी म्हणालो.

"मग साखर जास्त घालते," ती म्हणाली.

समारंभ एप्रिलच्या शेवटी, दुपारी. बाहेर गाड्यांच्या तळावर मळकट बर्फाचे शेवटचे ढीग, आत विभागाच्या जेवणघरात प्रत्येकाने घरून आणलेलं एकेक भांडं. लोविना हातात सुरी घेऊन उभी होती. मी खोक्याचं झाकण उचललं. सगळ्यात आधी वाकला तो फर्गस, लोविनाच्या गटाचा प्रमुख. केप ब्रेटन बेटावरचा हा सहा फुटी माणूस कुठल्याही प्रसंगी पहिला विनोद आपण करायचा या नियमाने चालतो. त्याने तोंड उघडलं, विनोद ओठांपर्यंत आलेला मी बघितला, आणि तो तिथेच विरला. त्याने डोळे गच्च मिटले. खोलीत साप निघाला तर माणूस ज्या आवाजात बोलतो त्या आवाजात तो म्हणाला, "सगळ्यांनी डोळे मिटा. आत्ता. भिंतीकडे तोंड करा."

आणि पंचवीसएक शिकलीसवरलेली माणसं, त्यातले निम्मे प्राध्यापक, शाळेत शिक्षा झाल्यासारखी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. एकाने कोट अडकवण्याच्या खुंट्यांमध्ये तोंड खुपसलं. एकीने राजम्याच्या पातेल्याचं झाकण चेहऱ्यासमोर धरलं. मी केकपाशी खोक्याचं झाकण हातात घेऊन उभा, आणि समोर लोविना, सुरी धरून, डोळे उघडे.

"हातात सुरी असताना डोळे मिटायचे नसतात," ती नंतर म्हणाली. शेतावर वाढलेली आहे.

फर्गसने चाचपडत येऊन केकवर स्वतःचा कोट टाकला. मग आम्हा दोघांना दंडाला धरून बाहेरच्या बोळात नेलं.

"लोविना," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "चष्मा डोक्यावर होता ना तुझा?"

"नाकावर होता."

"त्या खोलीतला दिवा किती दिवस मिचमिचतोय. श्री, मिचमिचतोय ना दिवा?"

"मिचमिचतोय," मी म्हणालो. माझं नाव श्रीपाद, पण इथे पहिल्या अक्षराच्या पुढे कोणी जात नाही. दिवा मीच परवा बदलून घेतला होता.

"लख्ख दिसत होतं," लोविना म्हणाली.

"ओझरतं बघणं म्हणजे काही बघणं नव्हे. कुणीही म्हणणार नाही."

"फर्गस, बाजारात तुझी आई दिसली तर ती तुला ओझरती दिसेल का? उजवीकडे वरचे जे ठिपके आहेत ना ते..."

फर्गसने दोन्ही कानांवर हात दाबले. "बोलू नकोस. बाई गं, एक अक्षर बोलू नकोस."

मला काही कळेना. मी एवढंच बघितलं, की फर्गसचे डोळे पाण्याने भरलेत आणि लोविनाचा चेहरा, जो एरवीही काही सांगत नाही, तो अगदी पाटीसारखा कोरा झाला आहे.

नंतर फर्गसने मला खोलीत नेऊन दार लावलं आणि केकवरचा सगळा साय-साखरेचा थर खरवडून काढायचं काम दिलं, कारण आता ते बघून बिघडणार नाही असा विभागात मी एकटाच उरलो होतो. खाली राहिलेला केक सगळ्यांनी निमूट खाल्ला. संशोधन मी एकट्याने संपवलं.

आता हे प्रकरण काय होतं ते सांगायला हवं. ते मला त्या आठवड्यात तुकड्यातुकड्याने कळलं, तसंच सांगतो.

विश्व फुगतंय हे आपण सगळ्यांनी कुठेतरी वाचलेलं असतं. दीर्घिका एकमेकींपासून लांब जातायत. पण या फुगण्याशिवाय प्रत्येक दीर्घिकेची स्वतःची अशी एक चाल असते. शेजारी जिथे वस्तुमान जास्त, तिकडे ती ओढली जाते. ही चाल दोन वाटांनी काढता येते. एक म्हणजे सरळ मोजायची, दीर्घिका किती लांब आहे ते ठरवायचं, फुगण्याचा वेग वजा करायचा, उरेल ती तिची चाल. हे मोजण्याचं काम हवाईतली माणसं करत होती. दुसरी वाट लोविनाची. तिने चाल बघायचीच नाही. आजूबाजूला कुठे किती दीर्घिका आहेत त्याचा नकाशा घ्यायचा, सत्तर हजारांच्या आसपास, आणि प्रत्येक घोळका प्रत्येकीला किती ओढेल त्याचा हिशेब करून सांगायचं, की ही इकडे जात असली पाहिजे आणि ती तिकडे. मग शेवटी दोन्ही समोरासमोर ठेवायचं. जुळलं, तर ठिपके तिरक्या रेघेवर बसतात. नाही जुळलं, तर आपल्याला न दिसलेलं कोणीतरी ओढतंय.

आणि इथे त्यांची एक रीत आहे. शेवटपर्यंत दोघांनी एकमेकांचं बघायचं नाही. का, तर उत्तर माहीत असलं की माणसाचा हात नकळत तिकडे झुकतो. हा ठिपका टाकून द्यावा का ठेवावा, इथे नकाशा जाड करावा का बारीक, अशा शंभर लहानसहान ठिकाणी तो झुकतो, आणि आपण प्रामाणिकच आहोत असं त्याला मनापासून वाटत राहतं. म्हणून हवाईवाले आपले आकडे एका गुप्त आकड्याने वाकवून पाठवायचे. खरे आकडे वेगळे, कुलुपात. किल्ली कोणाकडे द्यायची यावर बैठक झाली होती. ज्याला ते बघून काही कळणार नाही असा माणूस हवा होता. माझ्यावर एकमत झालं. मी तो माझा सन्मान समजलो होतो.

कुलूप परक्यांसाठी आहे अशी माझी समजूत. ते घरच्याच माणसासाठी असतं हे मला सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं तेव्हा मी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढत असेन.

त्या वेळी सगळ्यांनी एका कागदावर सही केली होती, की आम्ही बघणार नाही अशी शपथ घेतो. लोविनाने 'शपथ' शब्दावर काट मारली. "आमच्यात शपथ घेत नाहीत," ती म्हणाली. "बघितलं तर बघितलं म्हणेन, नाही तर नाही." फर्गस म्हणाला, चालेल. तेव्हा सगळे हसले होते.

'आमच्यात' म्हणजे इथल्या जुन्या वळणाच्या मेनोनाइट पंथाच्या ख्रिस्ती लोकांत. वॉटर्लूच्या उत्तरेला निघालात की ती शेतं सुरू होतात, काळ्या बग्ग्या, काळी टोपडी, दोरीवर वाळणारे एकाच रंगाचे दहा सदरे. लोविना त्यातल्याच एका घरातली, तेरा भावंडांतली मधली. शाळा आठवीपर्यंत, पुढे गाई. तिच्या वडिलांना बोलण्याचा कंटाळा होता. ती सांगते, की धुक्याच्या दिवशी बग्गीतून चर्चला जाताना घोडा दिसायचा नाही, नुसते लगाम धुक्यात जाताना दिसायचे, आणि बग्गी चाललेली असायची. ती वडिलांना विचारायची, घोडा आहे का? वडील म्हणायचे, बग्गी चाललीय ना. एवढंच. पण तिला ते पुरेना. घोडा केवढा आहे, कुठल्या बाजूला आहे, लगाम किती ताणलेत त्यावरून सांगता येईल का? सगळ्या भावंडांत हा प्रश्न तिलाच का पडला हे देवाला ठाऊक.

एकोणिसाव्या वर्षी तिने वडिलांना सांगितलं, मला शिकायचंय. त्यांच्यात बाप्तिस्मा मोठेपणी घेतात, स्वतःच्या तोंडाने हो म्हणून. तिने अजून घेतला नव्हता. घेतला असता आणि मग गेली असती तर दिलेला शब्द मोडल्यासारखं झालं असतं. वडिलांनी गाईची धार काढता काढता विचारलं, "ते आकाशातलं खरं असतं का नुसतं बोलणं?"

"मोजता येतं," ती म्हणाली.

"मग जा," ते म्हणाले, आणि बादली पुढे सरकवली.

पुढची वर्षं मी थोडक्यात सांगतो, कारण तीही थोडक्यातच सांगते. शाळेच्या राहिलेल्या परीक्षा, कॉलेज, मग डॉक्टरेट. प्राध्यापक कधी झाली नाही. दर तीन वर्षांनी नेमणुकीचं नवं पत्र, दर तीन वर्षांनी जुनंच काम. व्याख्यानाला उभी राहिली की ती वाक्य संपल्यावर थांबते आणि पुढचं वाक्य खरं आहे याची खात्री झाल्यावर बोलते, त्यामुळे तासाच्या व्याख्यानात वीस मिनिटं शांतता असते. अशा माणसाला कोण प्राध्यापक करणार? पण तिचा नकाशा मात्र सगळे वापरतात. कोणी नवा माणूस आला की फर्गस तिच्याकडे बोट दाखवून म्हणतो, "विश्वात कुठे जायचं असलं तर हिला विचार. गावात विचारू नकोस, गावात ती चुकते." आणि ते खरं आहे. तिला आमच्या बेकरीचा रस्ता अजून सांगता येत नाही.

तर त्या दिवसापासून रीतीप्रमाणे तिला तिच्याच नकाशाला हात लावायची बंदी झाली. नकाशात एक शेवटचा भाग राहिला होता, फार तर महिन्याभराचं काम, आणि ते संपवून मगच ती जाणार होती. ते आता फर्गस करणार, कारण तिरकी रेघ ओळखताच, ठिपके नीट दिसायच्या आत, त्याने डोळे मिटले होते. तिने एकही सूचना करायची नाही. 'इथे बघ' नाही, 'तिथे जपून' नाही. तिने सुचवलेली कुठलीही दुरुस्ती उत्तर माहीत असलेल्या माणसाची दुरुस्ती ठरली असती.

"तू बघितलंच नाही असं म्हणाली असतीस तर?" मी तिला विचारलं.

"पण बघितलं होतं," ती म्हणाली. यात आणखी बोलण्यासारखं काय आहे ते तिला समजेना.

शेवटचे काही दिवस ती माझ्या खोलीत येऊन बसायची. तिची खोली फर्गसच्या खोलीला लागून, मधली भिंत पातळ, आणि फर्गसला काम करताना मोठ्याने बोलायची सवय. "आता हे कुठून सुरू करू?" असा आवाज भिंतीतून यायचा. "इथे दाट धरू का विरळ धरू, हं? विरळच असेल." लोविना खुर्चीच्या हातांवर बोटं रुतवून बसायची. एकदा उठून दारापर्यंत गेली आणि परत आली. मग तिने डबा, चष्म्याचं घर आणि तो जुना आलेख उचलला आणि माझ्याकडे बस्तान हलवलं. माझी खोली तळमजल्यावर, पंख्यांच्या घरघरीत. तिथे फर्गस ऐकू येत नाही.

तिथे एका दुपारी मी पहिल्यांदाच तिला विचारलं, की तो नकाशा असतो तरी कसा. मला स्वतःचीच लाज वाटली, कारण मी तो नकाशा इतकी वर्षं सांभाळत होतो, त्याच्या रोज प्रती काढून ठेवत होतो, आणि उघडून एकदाही बघितला नव्हता. बँकेच्या तिजोरीवरच्या पहारेकऱ्यालाही निदान आत काय आहे याची उत्सुकता असते.

तिने माझ्याकडे बघितलं, खरंच विचारतोय का हे तपासलं, आणि माझ्याच पडद्यावर तो उघडला.

काळोख होता आणि त्यात पिठूळ ठिणग्या. तिने एक कळ दाबली तसा तो काळोख हळूहळू फिरायला लागला आणि माझ्या लक्षात आलं की ठिणग्या विखुरलेल्या नाहीत. दहीहंडीच्या दोऱ्यांसारख्या त्या ओळींनी लटकल्या होत्या, ओळी एकमेकींना गाठी मारून होत्या, आणि मधे मोठमोठी रिकामी दालनं होती जिथे काही म्हणजे काहीच नव्हतं.

"एकेक कण म्हणजे एकेक दीर्घिका," ती म्हणाली.

"आणि आपला सूर्य?"

"एका कणात अब्जावधी."

"आपण कुठे?"

तिने पडद्याच्या मधोमध नखाने टेकवलं. तिथे मला काही दिसलं नाही.

मग तिने दुसरी कळ दाबली आणि प्रत्येक कणाला एकेक बारीक रेघ फुटली, केस फुटावा तशी. या तिने हिशेबाने काढलेल्या चाली. आधी ते नुसतं जंगल वाटलं. मग डोळा सरावला आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण ते केस विंचरलेले होते. रिकाम्या दालनांतून ते बाहेर वाहत होते, ओळींवर येऊन मिळत होते, ओळींवरून गाठींकडे, लहान गाठींकडून मोठ्या गाठीकडे. नदीला ओहोळ मिळतात तसं, पण नदी कुठेच नाही, पाणी नाही, नुसतं एकाने दुसऱ्याला ओढणं. आणि आपला तो न दिसणारा कणही त्यातच. त्याचीही एक रेघ होती.

"हे किती वेगाने?" मी विचारलं.

"सेकंदाला सहाशे किलोमीटर, थोडं जास्तच."

"म्हणजे आत्ता? या खुर्चीवर बसून?"

"उभा राहिलास तरी तेवढाच."

मी खुर्चीचे हात धरले. हसू नका, तुम्हीही धरले असते. तिचा आवाज नेहमीसारखाच सपाट होता, पण डोळे पडद्यावरून हलत नव्हते, आणि मला वाटलं बत्तीस वर्षांनंतरही ही बाई हे दर वेळी पहिल्यांदाच बघतेय.

त्या वाहत्या केसांमधून एक काळी पाचर आरपार गेली होती. तिथे कणही नव्हते आणि रेघाही नव्हत्या. आपला प्रवाह बराचसा तिकडेच चाललेला दिसत होता.

"हे काय? डाग पडलाय का?"

"धूळ. आपल्याच आकाशगंगेची. आपण तिच्या आत बसलोय ना, तिचा पट्टा आडवा येतो. त्याच्या मागचं दिसत नाही."

"मग तिथे कोण आहे ते कसं कळायचं?"

"शनिवारच्या बाजारात वरच्या गॅलरीत उभं राहा. खाली गर्दी कुठे दाटलीय ते दिसतं. कुठे सफरचंदाची भजी तळतायत, कुठे चीज, तिकडे लोक सरकतात. आता एका कोपऱ्यावर ताडपत्री टाकलीय असं समज. आणि लोक तिकडे जरा जास्तच सरकतायत."

"म्हणजे ताडपत्रीमागे दुकान आहे."

"असेल. किंवा गॅलरीतून बघणाऱ्याने गर्दी मोजताना चूक केली असेल. दोन्हीपैकी काय, ते ताडपत्रीमागे जाऊन बघितल्याशिवाय सांगायचं नाही. रेडिओ दुर्बिणीला धुळीतून आरपार दिसतं. दक्षिणेकडच्या लोकांनी वर्षानुवर्षं बघून त्या पट्ट्यामागच्या दीर्घिका नोंदवल्यात. त्या मला नकाशात बसवायच्या होत्या." ती थांबली. हे वाक्य खरं आहे का ते तिने तपासलं असावं. "तेवढंच राहिलं होतं. मला एवढंच बघायचं होतं, की हिशेब पुरा होतो का. आपल्याला जे जे ओढतंय ते सगळं नकाशात आलं, का अजून कोणी बाहेर राहिलंय."

"आणि केकवर..."

"ते मी तुला सांगणार नाही."

मी तिला म्हणालो, की माझ्या हातून फार वाईट झालं. ती म्हणाली, हो. मग तिने डब्यातून एक बटर टार्ट, लोणी-साखर भरलेला इथला छोटा गोड पदार्थ, काढून मला दिला, नकाशा बंद केला आणि दुसऱ्या दिवशी विद्यापीठाची किल्ली परत करून निघून गेली. निरोपाची भाषणं तशीही केकच्या गोंधळात राहूनच गेली होती.

उन्हाळा गेला. फर्गस पट्टा भरत होता. तो हुशार माणूस आहे, पण त्याला वर्ग असतात, समित्या असतात आणि दर पंधरा दिवसांनी विमान असतं. लोविनाला जे हाताच्या सवयीने होतं ते त्याला दर वेळी नव्याने ठरवावं लागायचं. बोळात भेटला की मी विचारायचो, कुठवर आलं? तो म्हणायचा, "उत्तरेचं टोक." महिन्याने विचारलं तरी उत्तरेचंच टोक. एकदा तो म्हणाला, "तिला फोन करावा असं रोज वाटतं रे. पण काही विचारलं आणि तिने नुसता श्वास जरी जोरात घेतला, तरी मला कळेल."

ऑक्टोबरात लोविनाच्या भावाकडून, ऑर्वीकडून, मला बोलावणं आलं. त्यांच्याकडे सफरचंदांचा मुरंबा करायचा होता, अंगणात मोठ्या तांब्याच्या कढईत, आणि ढवळायला माणसं कमी पडतात. मी शनिवारी सकाळीच गेलो. ऑर्वी सत्तरीचा, पांढरी दाढी, काळी टोपी, आणि बोलण्याचा जो कंटाळा वडिलांना होता त्याची भरपाई करणारा.

"या, या," तो म्हणाला आणि माझ्या हातात दोन पुरुष लांबीचा ढवळणा दिला. "तुम्ही संगणकवाले. माझ्या बहिणीला तुम्हीच केक दिला ना?"

"मीच."

"बरं केलं. त्यामुळे तरी बाई घरी आली. आता ढवळा, तळाला लागू देऊ नका. आमची बहीण म्हणते आपण सेकंदाला सहाशे किलोमीटर पळतोय. मी म्हटलं, मग हाताने ढवळायचं कशाला? कढई आपोआप हलायला हवी."

"कढईही तेवढीच पळतेय, ऑर्वी," लोविना म्हणाली. ती बाजूच्या बाकावर सफरचंदं सोलत बसली होती. सालीची एकच लांब फीत सुरीवरून उतरत होती.

"बघा. हिच्याशी बोलून काही फायदा नाही." ऑर्वी माझ्याकडे झुकला. "पण एक विचारतो तुम्हाला, हिला काही झालंय का? गेले पंधरा दिवस सोलता सोलता मधेच थांबते. समोर शेताकडे बघत बसते. आणि हसते. आमच्याकडे हसायला बंदी नाही, पण एकटीच? माझी बायको म्हणते, डॉक्टरला दाखवा."

मी लोविनाकडे बघितलं. तिने मान खाली घातली होती, पण ऑर्वी म्हणत होता ते खरं होतं. त्या पाटीसारख्या चेहऱ्यावर काहीतरी होतं. लहान मुलाने खिशात बेडूक ठेवला असला की चेहरा जसा होतो, तसं.

ऑर्वी लाकडं आणायला गेला तसा मी ढवळणा तिच्याकडे झुकवून हळू आवाजात म्हणालो, "तू पट्टा भरलास."

तिने सोलायचं थांबवलं. "घरी. इथून जवळच, एलमायरा गावातल्या माझ्या स्वयंपाकघरात. दक्षिणेकडच्यांच्या नोंदी कुणालाही मिळतात. नकाशा माझ्याकडे होताच."

"पण बंदी..."

"फर्गसच्या नकाशाला हात लावायची बंदी आहे. माझ्या टेबलाला नाही. कुठे छापायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. मी सांगितलेलं नाही."

"आणि मोजलेल्या चाली? त्या तर कुलुपात आहेत." हे मी थोड्या अभिमानाने म्हणालो, कारण ती किल्ली आता माझ्याकडे नव्हती.

"रेघेपासून जे लांब पडले होते तेवढे ठिपके मला पाठ आहेत," ती म्हणाली. "ते माझ्यापुरते पुरतात. पट्टा भरल्यावर ते कुठे जातात ते बघितलं."

मी ढवळायचं विसरलो. कढईतून बुडबुडा फुटून माझ्या मनगटावर उडाला, तेव्हा भानावर आलो. समोर कापणी झालेलं मक्याचं शेत, त्यापलीकडे रस्त्यावरून बग्गी चाललेली, वर साधं निळं आकाश, ज्यात दिवसा काही दिसत नाही. आणि या बाकावर, सालींच्या ढिगात पाय सोडून, माझ्या माहितीतला एकमेव माणूस बसला होता, ज्याला माहीत होतं की आपल्याला ओढणाऱ्यांचा हिशेब पुरा झाला आहे का त्या धुळीमागे त्याहून मोठं, कुणी कधी न बघितलेलं काहीतरी आहे. हवाईत माहीत नाही. फर्गसला माहीत नाही, तो उत्तरेच्या टोकावर आहे. लोविनाला माहीत आहे आणि ती सफरचंदाचा देठ काढतेय. मला एकदम वाटलं की मी टोपी काढावी. मी टोपी घातली नव्हती.

"लोविना," मी म्हणालो, "तुझं काम फर्गसच्या नावाने निघणार. वर्ष लागेल, दोन लागतील. तोवर तू हे पोटात ठेवून बसणार?"

"हं."

"त्रास होत नाही?"

तिने पुढचं सफरचंद उचललं, फिरवून बघितलं. "मला बघायचं होतं. बघितलं."

ऑर्वी लाकडांची मोळी घेऊन गोठ्यावरून वळताना दिसला. वेळ थोडा होता. मी कढईवरून जितकं वाकता येईल तितकं वाकलो.

"मग एकट्या मला सांग. मला तसंही काही कळत नाही, मी कुणाला काय सांगणार? नुसतं हो का नाही एवढंच. जुळलं का?"

"तुला सांगितलं म्हणजे फर्गसला कळलं," लोविना म्हणाली.